दुधाळ सीरम, स्वच्छ सीरम आणि मामांचा लकवा

लॅबमध्ये रक्त काढलं की ट्यूब सेंट्रिफ्यूजला लावायची, दहा मिनिटं गरगर फिरली की खाली लाल गोळा बसतो आणि वर पिवळसर पाणी राहतं, त्याला सीरम म्हणतात. चांगलं सीरम करडईच्या तेलासारखं दिसतं, पिवळं आणि आरपार. पण अधूनमधून एखादी ट्यूब अशी निघते की वरचा भाग गढूळ, आणि कधी कधी तर चक्क दूध ओतल्यासारखा पांढरा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून लॅबला लागले त्याला आता बरीच वर्षं झाली, डॉक्टर नाहीये मी, पण रक्तातल्या चरबीशी रोजचा संबंध आहे आणि मामांना लकवा मारल्यापासून तर जरा जास्तच, म्हणून हे लिहितेय.

तर ते दुधाळ सीरम. पेशंटला दाखवलं की तो घाबरतोच, बाप रे एवढी चरबी, आता अटॅक ठरलेला. आणि त्याच रॅकमध्ये शेजारी एखाद्या काकूंची ट्यूब असते, सीरम एकदम स्वच्छ, मशीनला लावलं की एलडीएल, ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, १९०. लकव्याच्या हिशोबाने मला काळजी काकूंची वाटते. कारण दुधाळ दिसतं ते ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली साधी चरबी, ते वाहून नेणारे कण मोठे असतात, त्यांच्यात उजेड अडतो म्हणून डोळ्यांना दिसतं. एलडीएलचे कण इतके बारीक असतात की ते वाढले म्हणून सीरम काही गढूळ होत नाही. आणि एलडीएल वाढलेल्या पेशंटला काही जाणवतही नाही, डोकं दुखत नाही, चक्कर नाही, दम नाही. "रक्त घट्ट झालंय" असं जे आपल्याकडे म्हणतात ना, ते या आजाराला लागूच पडत नाही.

आता ही चरबी रक्तात फिरते कशी. वरणावर तूप घातलं की तवंग वरच तरंगतो, मिसळत नाही, कारण चरबी पाण्यात विरघळत नाही. रक्त म्हणजे बहुतांश पाणीच, त्यामुळे चरबी तशीच सोडली असती तर नसांमध्ये तवंगच तवंग. म्हणून शरीर चरबीची गाठोडी बांधतं, बाहेरून प्रथिनाचं फडकं, आत चरबी. जेवणातली चरबी आतड्यातून येते ती मोठ्या गाठोड्यात, लिव्हर स्वतः जी बनवतं ती थोड्या लहान गाठोड्यात. वाटेत स्नायूंना आणि चरबीच्या पेशींना ट्रायग्लिसराइड वाटत वाटत लिव्हरचं गाठोडं आक्रसतं आणि शेवटी जे कोलेस्टेरॉलने भरलेलं बारकं गाठोडं उरतं तेच एलडीएल. कोलेस्टेरॉल स्वतः विष नाही हे लक्षात घ्या. प्रत्येक पेशीच्या आवरणात ते लागतं, हार्मोन त्यातून बनतात, पित्त त्यातून बनतं. ते एवढं गरजेचं आहे म्हणून शरीर त्यातलं बहुतेक स्वतःच तयार करतं, ताटातून येतं ते त्या मानाने थोडं. म्हणून "मी तर अंडंसुद्धा खात नाही, माझं कोलेस्टेरॉल कसं वाढलं" याचं उत्तर ताटात कमी आणि लिव्हरमध्ये जास्त सापडतं.

लिव्हरच्या पेशींवर एलडीएल पकडणारे आकडे असतात असं समजा, रक्तातून जाणारं गाठोडं त्यात अडकवून आत ओढून घेतात. हे ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी शोधलं आणि १९८५ चं नोबेल मिळवलं. ज्यांच्या घराण्यात हे आकडे जन्मतःच कमी किंवा खराब, त्यांचं एलडीएल लहानपणापासून वाढलेलं असतं, बारीक शरीरयष्टी असली तरी. थायरॉइड कमी काम करत असेल तरी आकडे कमी होतात, म्हणून एलडीएल अचानक वाढलं की डॉक्टर टीएसएच ही थायरॉइडची तपासणी करायला सांगतात, लोकांना वाटतं लॅबचं बिल वाढवायला सांगितलं.

लिव्हरने उचललं नाही की एलडीएल जास्त वेळ रक्तात फिरत राहतं आणि रक्तवाहिनीच्या अस्तरातून आत शिरतं. इथे लोकांच्या डोक्यात तुंबलेल्या पाइपचं चित्र असतं, आत कचरा साचत गेला आणि एक दिवस बंद झालं. खरं ते तसं नाहीये. चरबी पोकळीत साचत नाही, भिंतीच्या आत साचते. पावसाळ्यात स्लॅबमधून पाणी झिरपून भिंत ओल धरते, वरून रंग चांगला दिसतो, आत प्लास्टर फुगत असतं, आणि मग एक दिवस पोपडा सुटतो, तसं. आत शिरलेलं एलडीएल खराब होतं, ते खायला पांढऱ्या पेशी येतात, खाऊन खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात, त्यावर एक पातळ झाकण तयार होतं. याला वीसतीस वर्षं लागतात. झाकण फुटलं की शरीराला वाटतं जखम झाली, ते लगेच रक्ताची गुठळी बनवतं, आणि ती गुठळी म्हणजे खरा अपघात. मानेत दोन्ही बाजूंना नाडी लागते ना, ती कॅरोटिड, जबड्याच्या थोडं खाली तिला दोन फाटे फुटतात आणि ही ओल धरायची ती आवडती जागा. तिथून सुटलेली गुठळी सरळ मेंदूत जाते. आपल्या आशियाई लोकांत मानेपेक्षा थेट डोक्याच्या आतल्या रक्तवाहिन्याच अरुंद होण्याचं प्रमाण गोऱ्या लोकांपेक्षा जास्त असतं, त्यामुळे मानेचा डॉपलर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, चांगला आला म्हणजे सुटलो असं नाही.

इथपर्यंत सरळ वाटतं, पण कोलेस्टेरॉल आणि लकवा यांचं नातं बरीच वर्षं कागदावर दिसतच नव्हतं! हार्ट अटॅकचं दिसलं, लकव्याचं नाही. १९९५ मध्ये ४५ अभ्यास एकत्र करून साडेचार लाख लोकांचा हिशोब मांडला, १३ हजारांवर लकव्याचे पेशंट त्यात, आणि निष्कर्ष काय तर एकूण कोलेस्टेरॉलचा आणि लकव्याचा फारसा संबंध नाही. असं कसं? तर गोम बेरजेत होती. लकवा हा एक आजार नाहीच. एकात नस बंद पडते, मेंदूच्या तुकड्याला रक्त मिळत नाही, बहुतेक पेशंट याच प्रकारचे. दुसऱ्यात नस फुटते, ज्याला आपण ब्रेन हॅमरेज म्हणतो. बाहेरून दोन्ही सारखे, तोंड वाकडं, हात लुळा, आजी म्हणायची "अंगावरून वारं गेलं". पण कोलेस्टेरॉलशी दोघांचं नातं उलटं. अमेरिकेत साडेतीन लाख पुरुषांवर झालेल्या एका अभ्यासात १९८९ मध्ये हे स्पष्ट दिसलं होतं, कोलेस्टेरॉल जितकं जास्त तितके नस बंद पडून होणाऱ्या लकव्याचे मृत्यू जास्त, पण एकूण कोलेस्टेरॉल १६० च्या खाली आणि सोबत बीपी वाढलेलं अशा लोकांत मेंदूत रक्तस्राव होऊन जाणारे जास्त. एक वर जाणारी रेघ, एक खाली येणारी, दोन्ही मिसळल्या की सपाट. सगळ्या लकव्यांची एकत्र बेरीज केली की नेमकं हेच होतं.

कोडं सुटलं ते औषधामुळे. जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात हजारो बुरश्या तपासल्या आणि क्योटोतल्या तांदळावरच्या एका निळसर बुरशीत लिव्हरचा कोलेस्टेरॉलचा कारखाना मंदावणारा पदार्थ सापडला, स्टॅटिन घराण्याचा हा पूर्वज. कारखाना मंदावला की लिव्हरला कोलेस्टेरॉल कमी पडतं, मग ते जास्त आकडे बाहेर काढतं आणि रक्तातलं एलडीएल उचलतं. एंडो २०२४ मध्ये गेले, आपल्याकडे बातमी फारशी कुठे दिसली नाही, आणि इकडे अर्ध्या गल्लीच्या डब्यात त्यांच्या शोधाची गोळी आहे. असो. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियात ४,४४४ हृदयरोग्यांवर स्टॅटिनची चाचणी झाली ती हृदयासाठी, पण त्यात लकवेही कमी झालेले दिसले. २००२ मध्ये ब्रिटनमध्ये वीस हजारांवर लोकांत लकवा साधारण एक चतुर्थांशाने कमी झाला. मग २००६ ची स्पार्कल चाचणी, मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती, कारण त्यात लोकच असे घेतले की ज्यांना नुकताच लकवा किंवा छोटा झटका येऊन गेलाय आणि हृदयाचा ज्ञात आजार नाही. ४,७३१ लोक, अर्ध्यांना अॅटोर्वास्टॅटिन ८० मिलीग्रॅम, अर्ध्यांना नकली गोळी. पाच वर्षांत पुन्हा लकवा झाला गोळीवाल्यांत ११.२ टक्क्यांना, नकलीवाल्यांत १३.१ टक्क्यांना. फरक छोटा वाटतो, शंभरात दोनच, पण पुन्हा लकवा म्हणजे काय हे ज्या घराने बघितलंय त्याला ते दोन छोटे वाटत नाहीत.

आणि हो, लपवायचं नाही, त्याच चाचणीत मेंदूत रक्तस्राव गोळीवाल्यांत ५५ जणांना झाला आणि दुसरीकडे ३३ जणांना. म्हणजे ती खाली येणारी रेघ खोटी नव्हती. फायदा तरीही जास्तच निघाला, पण म्हणूनच ज्यांना आधी हॅमरेज होऊन गेलंय त्यांना ही गोळी द्यायची का हे डॉक्टर विचार करून ठरवतात, आणि म्हणूनच शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणायच्या नसतात. बीपी मात्र दोन्ही प्रकारच्या लकव्यांचं सगळ्यात मोठं कारण. ३२ देशांतल्या, त्यात भारतही आला, २७ हजार लोकांच्या इंटरस्ट्रोक अभ्यासात बीपीचा वाटा जवळपास निम्मा निघाला आणि चरबीच्या बिघाडाचा साधारण पाव. कोलेस्टेरॉलची गोळी नेमाने घ्यायची आणि बीपी वर्षातून एकदा बघायचं याला अर्थ नाही. ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात त्यांची गुठळी हृदयातून जाते, तो प्रकार पुन्हा वेगळा, त्याला रक्त पातळ करायची गोळी लागते. लोक रक्त पातळ करायची आणि कोलेस्टेरॉलची गोळी एकच समजतात, त्यात आपल्याकडे अॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलचं औषध एकाच कॅप्सूलमध्ये मिळतात म्हणून गोंधळ अजून वाढतो, पण कामं दोन्हींची वेगळी.

आता रिपोर्टकडे या. सगळ्यांची बोटं पहिल्या ओळीवर, टोटल कोलेस्टेरॉलवर. ती ओळ सोडा. एलडीएल बघा, आणि टोटलमधून एचडीएल, म्हणजे ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते, वजा केलं की जे येतं ते नॉन एचडीएल बघा, त्यात सगळी त्रासदायक गाठोडी एकत्र मोजली जातात. भारतीय लोकांत ट्रायग्लिसराइड वाढलेलं, एचडीएल कमी, आणि एलडीएल आकड्याने बरं पण कण बारीक आणि संख्येने जास्त असा प्रकार खूप असतो, तिथे नॉन एचडीएल जास्त खरं सांगतं. अजून एक आतली गोष्ट, बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल मोजत नाहीत, गणिताने काढतात. १९७२ चं फ्रीडवाल्डचं सूत्र आहे, टोटलमधून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे गेलं की हे गणित चालत नाही, म्हणून दुधाळ सीरमवाल्याला डायरेक्ट एलडीएल करायला सांगतात. त्या दुधाळवाल्याला तातडीचा धोका स्वादुपिंडाला सूज येण्याचा असतो, विशेषतः ट्रायग्लिसराइड ५०० ते हजारच्या पुढे गेलं की, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा दारू, गोड किंवा हाताबाहेर गेलेली शुगर. बारा तास उपाशीपोटीच यायला पाहिजे असंही आता राहिलं नाही, साध्या तपासणीला खाऊन आलं तरी चालतं, ट्रायग्लिसराइड फार आलं तरच उपाशीपोटी परत करायचं.

एचडीएल कमी आहे म्हणून जीव टाकू नका. कमी एचडीएल ही धोक्याची खूण आहे खरी, पण औषधाने ते वाढवून बघितलं, एक नाही अनेक औषधं, एका औषधाची चाचणी तर २००६ मध्ये मृत्यू वाढले म्हणून थांबवावी लागली. आकडा वाढला, फायदा काही झाला नाही. चालायला लागा, तंबाखू सिगरेट सोडा, एवढंच.

एक तपासणी मात्र आपल्याकडे कोणी फारशी करत नाही, लायपोप्रोटीन ए. हे एलडीएलचंच भावंड, अंगावर एक जादा प्रथिन चिकटलेलं. ते आईबापाकडून येतं, पथ्याने हलत नाही, व्यायामाने हलत नाही. भारतीयांत साधारण चारात एकाचं ५० मिलीग्रॅमच्या वर असतं. घरात कोणाला पन्नाशीच्या आत लकवा किंवा अटॅक आला असेल तर जन्मात एकदा करून घ्यावी. वाढलेली निघाली तर तिच्यासाठी म्हणून खास गोळी आपल्या मेडिकलमध्ये मिळत नाही, पण मग एलडीएल आणि बीपी जास्त कडक धरायचं.

आता मामांची गोष्ट, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. मामांना आधी एकदा छोटा झटका येऊन गेला होता, दहा मिनिटं बोलताना जीभ जड, मग सगळं ठीक. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. सहा महिन्यांनी लिपिड, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, केली, एलडीएल ९२. रिपोर्टच्या उजव्या बाजूला छापलेलं असतं, १०० च्या खाली नॉर्मल. मामांनी फोन केला, "अगं नॉर्मल आलं बघ, गोळी बंद केली, उगाच लिव्हरला त्रास कशाला." मी तेव्हा कामात होते, "बरं मामा" म्हणून फोन ठेवला. ते "बरं" मला अजून टोचतं. गोळी होती म्हणून ९२ होतं. चष्मा लावून स्वच्छ दिसायला लागलं म्हणून कोणी चष्मा काढून ठेवतं का? आणि दुसरं म्हणजे ते छापलेलं १०० मामांसाठी नव्हतंच. ते ज्याला काही झालेलं नाही अशा माणसासाठी. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आकडे काढले त्यात डायबेटिस किंवा बीपीवाल्यांना ७० च्या खाली आणि लकवा, हार्ट अटॅक होऊन गेलेल्यांना ५५ च्या खाली असं दिलंय. २०२० मध्ये एक अभ्यास छापून आला, त्यात फ्रान्स आणि कोरियातल्या लकवा किंवा छोटा झटका होऊन गेलेल्या २,८६० लोकांचे दोन गट केले होते, एकाचं एलडीएल ७० च्या खाली, दुसऱ्याचं ९० ते ११० मध्ये ठेवलं, तर पहिल्या गटात ८.५ टक्क्यांना पुढचा त्रास झाला आणि दुसऱ्यात १०.९ टक्क्यांना. म्हणजे मामा नॉर्मल होते तेव्हाही दुसऱ्या गटातच बसत होते, आणि गोळी बंद केल्यावर तर कुठल्याच गटात नाही. (ज्यांची मुलं लंडनला वगैरे आहेत त्यांनी एक लक्षात ठेवा, तिकडच्या रिपोर्टवर माप वेगळं असतं, एलडीएल ३.१ असं येतं, ते बघून हुरळू नका, ३८.६७ ने गुणा, १२० होतं.)

गोळीने अंग दुखतं हीसुद्धा नेहमीची तक्रार. काहींना खरंच दुखतं, क्वचित स्नायूंना इजाही होते, तेव्हा डॉक्टरांना सांगायचंच, बदलून देतात, सोबत दुसऱ्या जातीच्या गोळ्या आहेत, इंजेक्शनं आहेत. पण २०२० मध्ये इंग्लंडमध्ये ६० लोकांवर एक मजेदार प्रयोग झाला, हे सगळे त्रासामुळे स्टॅटिन सोडलेले. काही महिने स्टॅटिन, काही महिने नकली गोळी, काही महिने रिकामी बाटली. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला त्यातला ९० टक्के नकली गोळीच्या महिन्यांतही झाला. दुखणं खरं होतं, फक्त बहुतेक वेळा कारण गोळीतलं औषध नव्हतं, गोळी घेतोय ही भीती होती.

खाण्याबद्दल थोडक्यात, कारण यावर घरोघरी तज्ज्ञ आहेत. तेलाच्या पिशवीवर "कोलेस्टेरॉल फ्री" लिहितात ते वाचून मला हसू येतं, झाडापासून आलेल्या कुठल्याच तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच, शेंगदाण्याच्या नाही, करडईच्या नाही, पामच्याही नाही. पण पाम आणि खोबरेल तेलात संपृक्त चरबी भरपूर, ती लिव्हरचे एलडीएल पकडणारे ते आकडे कमी करते, म्हणून एलडीएल वाढतं. तुपाचं तेच. वनस्पती तुपातली ट्रान्स फॅट सगळ्यात वाईट, २०२२ पासून तिच्यावर २ टक्क्यांची मर्यादा आहे, तरी परत परत तापवून काळ्या पडलेल्या तेलातल्या भज्यांचं मी कौतुक करणार नाही. वरणावर चमचाभर तूप घ्या की, फक्त औषध म्हणून वाटीभर पिऊ नका.

मामांना दुसरा झटका आला तो सकाळी चहा पिताना, कप उजव्या हातातून पडला, तोंडाचा कोपरा खाली ओघळला, बोलायला गेले तर शब्दच नाहीत. घरात चर्चा सुरू झाली, कोणी म्हणालं अॅस्पिरिन द्या, कोणी म्हणालं अमुक गावात झाडपाल्याचं औषध देतात तिकडे न्या, वारं उतरतं. अॅस्पिरिन घरी द्यायची नाही ती याच कारणाने, आत नस बंद आहे की फुटलीय हे सीटी स्कॅनशिवाय कोणालाच सांगता येत नाही, आणि फुटलेली असेल तर अॅस्पिरिनने घात होतो. कित्येकांना नीट गिळता येत नसतं, त्यामुळे पाणीसुद्धा पाजायचं नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं, आणि मोठी नस बंद असेल तर तारेने गुठळी ओढून काढतात, निवडक पेशंटमध्ये ते २४ तासांपर्यंतही चालतं. तोंड वाकडं, हात वर धरला की खाली येतो, जीभ जड, अचानक तोल जातो, अचानक दिसेनासं होतं, यातलं एक जरी झालं तरी १०८ लावायचा आणि जिथे सीटी आहे अशाच हॉस्पिटलला न्यायचं, आणि शेवटचं नीट कधी होते ती वेळ लक्षात ठेवायची, तिथे पहिला प्रश्न तोच विचारतात. दहा मिनिटांत बरं वाटलं तरी जायचंच, मामांचा पहिला झटका तसाच तर होता.

मामींच्या भावाने गाडी काढली म्हणून वेळेत पोचले. इंजेक्शन मिळालं. बोलणं बरंचसं परत आलं, उजवा हात काही पूर्ण आला नाही. आता दर सहा महिन्यांनी लिपिडला माझ्याकडेच येतात, एलडीएल मागच्या वेळी ५१ होतं. खुर्चीत बसतात आणि न सांगता डावी बाही वर करतात, कारण लुळ्या हातातून रक्त काढत नाहीत हे आता त्यांना पाठ आहे. ट्यूब फिरून बाहेर आली की उजेडाकडे धरून बघतात, "स्वच्छ आहे गं," म्हणतात. मी म्हणते, "मामा, स्वच्छ तर तेव्हाही होतं."